तोंड गोड केलेली मॉरिस

उचगावच्या मष्णूचा हात जिभेच्या आधी चालायचा. गिऱ्हाईक असो, बैल असो नाहीतर गंजलेला नट असो, आधी दणका, मग विचारपूस. निपाणीत हायवेला लागून त्याचं आणि भीमसेनचं भागीत गॅरेज होतं. दोघं बेळगावात एकाच उस्तादाच्या लाथा खाऊन शिकलेले. भीमसेन निपाणीचाच, बौद्ध वस्तीतला, डोक्यानं थंड. शेड मात्र बोरगावच्या मारुतीरावाचं होतं, आणि तिथंच तर सगळी गोम होती.

दर दसऱ्याला सोनं लुटून झालं की मारुतीराव आणि चिकोडीचा एक तंबाखूवाला आपापल्या बापाच्या जुन्या गाड्या तवंदी घाटात पळवायचे. अट एकच, सगळं मूळचं पाहिजे, दुसऱ्या गाडीचा नटसुद्धा चालणार नाही. चिकोडीकर बॉनेट उघडून जातीनं तपासायचा. मारुतीरावाची मॉरिस मष्णू आणि भीमसेनच सांभाळायचे; अठ्ठ्याहत्तरच्या दसऱ्याला ती निम्म्या घाटात बसली आणि तिला बैल जुंपून वर ओढावी लागली. काय हसली माणसं! मारुतीरावानं तिथंच सगळ्यांदेखत मष्णूच्या थोबाडीत दिली.

"फुडच्या दसऱ्याला थांबली तर शेड मोकळं करायचं," म्हणाला.

शेड गेलं की दोघांचं पोट गेलं. वर्षभर मष्णूच्या डोक्यात तेवढंच घुमत होतं. भीमसेन मात्र म्हणायचा, "बाहेरनं हात लावायचाच न्हाय, मष्णू. हाय त्येच्यातनंच ताकद काढू." आणि काढलीच की पठ्ठ्यानं! इंजिनाचं वरचं झाकण, हेड, लेथवर धरून केसाकेसानं घासलं, म्हणजे पेट्रोल जास्त दाबलं जाऊन जोरात पेटतं. हवा-पेट्रोल जायच्या वाटा आतनं कानसून काचेसारख्या केल्या. पिस्टन सोनाराच्या तराजूत घालून सगळे एका वजनाचे केले. बाहेरनं तीच म्हातारी मॉरिस, पण चालू केली तेव्हा शेजारच्या हॉटेलातल्या कपबश्या वाजायला लागल्या. मष्णूनं भीमसेनला मिठी मारून उचलला.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही, हा मष्णूचा कडक नेम. भीमसेनच्या घरातनं देव कधीच गेलेले, तो पूजेला उभा राहायचा नाही, पण भागीदाराचा नेम पाळायचा. म्हणून आदल्या रात्रीच त्यानं कार्बुरेटरची, म्हणजे इंजिनात जाणारं पेट्रोल आधी जमतं ती, वाटी उघडून धुतली, वाळत ठेवली, वर फडकं टाकलं आणि घरी गेला. मष्णूनं पान्यांना हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि त्याची नजर त्या वाटीवर गेली. गाडीचं तोंड म्हणजे हेच की! सगळ्यांना नैवेद्य आणि हिला उपास? त्यानं गुळाचा चांगला खडा वाटीत ठेवला, हात जोडले.

दसऱ्याच्या सकाळी झाकण त्यानंच बसवलं. गूळ तळाला चिकटलेला. विरघळंल की, चहात विरघळतो तसा, असं म्हणून त्यानं स्क्रू आवळले. पेट्रोलात गूळ विरघळत नाही, हे त्या शहाण्याला कोण सांगणार? भीमसेन तिकडं हेडचे नट आवळत होता.

संध्याकाळी मारुतीराव स्टिअरिंगवर, शेजारी मष्णू, मागं भीमसेन. मॉरिस अशी उधळली की चिकोडीकर धुरळ्यात दिसेनासा झाला. पहिलं वळण तर तिनं हसत खेळत घेतलं. दुसऱ्याच्या तोंडाशी एक आचका बसला. मग खोकला. मग काहीच नाही. चिकोडीची गाडी हॉर्न वाजवत शेजारनं गेली आणि तिकडची पोरं गाडी थांबली म्हणून कानडीत ओरडत नाचायला लागली, "गाडी निंतु! गाडी निंतु!"

मारुतीरावानं मष्णूला कॉलर धरून खाली ओढला आणि पायातली वहाण काढून तोंडावर हाणली. ओठ फुटला. "आजच्या आज शेड मोकळं! आन् ह्यो तुझा भागीदार, पूजेला उभा ऱ्हात न्हाय, ह्येच्यामुळंच कोप झाला!"

मालकावर उगारायचा हात मष्णूनं आवरला आणि वड्याचं तेल वांग्यावर काढलं. गाडीतलं इंजिन फिरवून चालू करायचं लोखंडी हँडल ओढून तो भीमसेनवर धावला. "हेड जास्त घासलंस! माझं घर बुडवलंस रं!" भीमसेननं डोकं वाचवायला उजवा हात वर केला आणि हँडल मनगटावर बसलं. हाड कट्टकन वाजलं, लांब उभ्या माणसांनाही ऐकू गेलं. दुसरा घाव खांद्यावर. तिसरा चार माणसांनी धरला.

भीमसेन रस्त्याच्या कडेला बसला. तोंड राखेगत झालं होतं.

"कार्बुरेटर खोल," म्हणाला. "हेडचा दोष असता तर इंजिनात ठोकं आलं असतं. ही उपाशी मेलीया. पेट्रोल पोचंना."

मष्णूनं वाटी उघडली. पेट्रोल जायच्या भोकात तपकिरी चिकटा बसला होता. त्यानं बोट लावून जिभेवर ठेवलं. गोड लागलं.

"काय निघालं रं?" मारुतीराव जवळ आला. "त्येचंच पाप न्हवं? व्हय म्हण. त्येला हाकलतो, शेड तुझं तुला ऱ्हाऊ दे."

एका शब्दाचं काम होतं. मष्णूच्या डोळ्यापुढं शेड आलं, घर आलं. चिकट बोट पुसायला त्यानं हात विजारीकडं नेला आणि तसाच माघारी आणला.

"गूळ हाय, मालक," शेवटी म्हणाला. "मीच घातला. निवद म्हणून. त्येचा काय दोष न्हाय."

मारुतीरावानं तेच हँडल उचललं. बरगडीत घातलं, मांडीवर घातलं. मष्णू पडला, उठला, पुन्हा पडला, पण त्यानं हात उचलला नाही. "ज्या हातानं घातलास त्यो हात ठेव हितं!" मारुतीराव ओरडला. मष्णूनं उजवा हात मडगार्डवर ठेवला आणि डोळे मिटले.

घाव आला नाही. मोडका हात पोटाशी धरून भीमसेन मध्ये उभा होता.

"त्यो हात मोडायचा न्हाय, मालक."

"येडा हाईस का? तुझा मोडला की त्येनं!"

"म्हणूनच. माझा बरा हुईस्तवर मला त्येचाच हात लागंल. तवर त्यो माझा. फुडं मोडायचा का ठेवायचा, माझं मी बघीन."

मारुतीरावाच्या हातातलं हँडल खाली आलं. इतका मार खाऊन न आलेलं रडू मष्णूला आता आलं, आणि गडी लहान पोरागत हुंदके द्यायला लागला.

"रडतोस काय भाड्या," भीमसेन दात आवळून म्हणाला. "वाटी धू आधी. मला संकेश्वरच्या दवाखान्यात ने, ह्याच गाडीतनं, घाट चढून. चढती का न्हाय, बघू दे की मला."