बोटातला हिरवा दिवा

मी एक अंगठी आहे. सोन्याची नाही, साखरपुड्याचीही नाही. सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारी, असं माझ्या डबीवर छापलंय. खरं सांगू? मला साखर कळतच नाही. माझ्या हिरव्या उजेडात नाडी तेवढी मोजता येते. बाकी सगळा अंदाज.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आमोदने जाहिरात बघून मला घेतलं आणि कसबा पेठेत एकट्या राहणाऱ्या वडिलांना दिलं. श्यामसुंदररावांनी मला आधी देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिलं. मग बोटातला पुष्कराज काढला. "ग्रहबिह सगळं थोतांड. हे सायन्स आहे!" म्हणाले, आणि मला डोळ्यांना लावून बोटात घातलं.

मी रोज त्यांच्या फोनवर एकशे बारा दाखवायची. जिलबी खाल्ली तरी एकशे बारा. महिन्याभरात त्यांनी मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या.

मग नव्या चपलेने पायाचा अंगठा सोलवटला. जखम भरेना, काळी पडू लागली. ते भिंत धरून लंगडत चालायचे, तेव्हा मी भिंतीला घासायची. नाडी नुसती धावायची. माझा जीव कासावीस व्हायचा, पण ओरडू कशी? माझ्याकडे फक्त तो हिरवा दिवा.

शेजारच्या उल्काताईंना सगळ्यांच्या घरात डोकावायची सवय. त्या भाजीची वाटी घेऊन आल्या आणि नजर थेट पायाकडे.

"अहो, हे काय? डॉक्टरांना दाखवलंत?"

"शुगर नॉर्मल आहे. अंगठी सांगते ना."

"बघू तुमची ज्योतिषीण."

त्यांनी मला काढलं आणि टोपलीतल्या गाजरावर चढवलं. आता तरी गप्प बस, मी स्वतःला बजावलं. पण सवय! फोन वाजला: एकशे बारा, उत्तम.

"अभिनंदन. गाजराला मधुमेह नाही," उल्काताई म्हणाल्या. "उठा आता, रिक्षा बोलावते."

श्यामसुंदरराव हसले नाहीत. पायाकडे बघत हळूच म्हणाले, "अंगठा राहील ना हो?"

उल्काताईंनी त्यांचा दंड धरला. "आधी चला तर."

त्याला आठवडा झाला. दाराला कुलूप आहे. मी अजून त्याच गाजरावर आहे. ते सुरकुतलंय, टोकाला काळं पडलंय. माझ्या लेखी मात्र ते ठणठणीत. मी हिरवीच लुकलुकतेय. अंगठा वाचला का, मला कोण सांगणार?

तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला काही विचारू नका. तिच्या माणसाचे पाय तेवढे बघा.