मागल्या गोळ्याचं तेल

दुपार कलायला लागली तरी दोघा भावांची तोंडं चालूच होती. थोरला उद्धवराव वाफ्यात वाकून कांद्याची रोपं लावत होता, अन् धाकटा ज्योतीराम बांधावरनं इकडून तिकडं येरझाऱ्या घालत होता. पौषातलं वारं इंद्रायणीवरनं बोचत यायचं, तरी ह्याच्या कपाळाला घाम.

"बैलगाडी जुंपू," उद्धवराव मान वर न करता म्हणाला. "आत्ता निघालो तर सकाळच्याला खेडात."

"अन् रातभर म्हाताऱ्यास्नी थंडीत कुडकुडत ठिवायचं? मी शब्द दिलाय, दादा. मोटारीनं नेणार."

"तुजी मोटार मागनं रडतीया. साऱ्या शिवाराला ऐकू जातंय."

ते काही खोटं नव्हतं. पलटणीतनं मोडीत निघालेली ती मोटार ज्योतीरामानं महिन्यामागं एका दलालाकडनं घेतली, तेव्हा ती गरीब गायीसारखी गप होती. चिंचवड टेशन ते चाकण चार खेपा झाल्या अन् मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा कण्हायला लागला. आता तर कोल्हं पकडल्यागत केकाटायचा. आणि उद्या खेडच्या धर्मशाळेत मोतीबिंदू काढणारा डॉक्टर येणार होता, एकच दिवस. चिखलीतली सहा म्हातारी माणसं जायची होती. त्यांत ह्यांची आई आक्काबाई. दोन वर्षं झाली, तिला माणूस नुसता सावलीसारखा दिसायचा.

"तेल बदललं की गप बसंल ती," ज्योतीराम म्हणाला.

"मग एरंडेल घाल. गाडीच्या कण्याला आमी तेच घालतो."

ज्योतीरामाच्या पायाला उपजत भिंगरी होती. तरातरा घरी आला, बाभळीखाली उभ्या मोटारीच्या पोटात पाना घेऊन शिरला अन् गोळ्याचं खालचं बूच फिरवलं.

काळं तेल भदाभदा पाटीत पडलं. मागनं लगद्याचे गोळे पडायला लागले. त्यानं एक बोटात चुरला. लाकडाचा भुसा होता तो. दलालानं झिजलेल्या दातांत भुसा ठासून आवाज दाबला होता. तसाच सरकून ज्योतीरामानं वरच्या बुचाला पाना लावला, नवं तेल तिथनंच तर ओतायचं. बूच हलेना. अंगातलं सारं बळ लावलं, तर पाना सटकून बोटांची सालपटं निघाली अन् बुचाचे कोपरे गोल झाले.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. आधी कळस, मग पाया. ओतायची वाट मोकळी न करता त्यानं होतं नव्हतं तेल सांडून टाकलं होतं. आता मोटार एक पाऊलही नेता येणार नव्हती.

ओट्यावरनं आक्काबाईनं विचारलं, "ज्योती, निघायचं कवा रं?" ती धुवट लुगडं नेसून, गाठोडं मांडीवर घेऊन दुपारपासनंच बसली होती.

"सकाळी, आई. तू ऱ्हा बसून."

सायकल काढली अन् सुटला.

चिंचवडला सडकेच्या कडंला मीरासाहेब मिस्त्रीचं पत्र्याचं छप्पर होतं. लढाईच्या टायमाला पलटणीच्या गाड्या दुरुस्त केलेला माणूस. ज्योतीराम पोचला तेव्हा मिस्त्री नमाजाला गेलेला. त्याची बायको खैरुन्निसा तांदूळ निवडत बसली होती. ह्यानं धापा टाकत सारं सांगितलं.

"येतील की ते," ती म्हणाली. मग आवाज खाली केला. "पर भाऊ, एक वचन द्या. उद्या त्यास्नी बी खेडाला न्या."

"मिस्त्रीला? कशापायी?"

"त्यास्नी दिसत न्हाई. साल दीड साल झालं. हातानं चाचपून करत्यात सारं. गिऱ्हाइकाला कळंल म्हणून मला बी बोलू देत न्हाईत."

ज्योतीराम तिच्याकडं बघतच राहिला. ह्याच माणसानं गेल्या आठवड्यात त्याच्या इंजिनाचा पंखा बसवून दिला होता.

मीरासाहेब आला. उंच, वाकलेला, दाढी पांढरी. सगळं ऐकून एवढंच म्हणाला, "वरचं बूच उघडंस्तवर खालच्याला हात लावू न्हाई. कुणी शिकवलं न्हाई तुला?"

"घाई झाली, चाचा."

"घाई न्हाई. तुला दम न्हाई."

फळीवरनं त्यानं दोन डबे काढले. एकाचं झाकण उघडून ज्योतीरामाच्या नाकाशी धरलं. गंधकाचा उग्र भपकारा आला.

"हे मागल्या गोळ्याचं. तिथं दातावर दात दाबून घसरतो, साधं तेल पिळून निघतंय. हे चिकटून ऱ्हातंय. आता हे दुसरं, बिनवासाचं. हे गेरबॉकाचं, गेर बदलायच्या पेटीचं. तिथं पितळेच्या कड्या असत्यात. वासाचं तेल तिथं घातलंस तर पितळ खाऊन टाकंल."

"दोन्ही जाडच दिसत्यात."

"दिसत्यात," मीरासाहेब म्हणाला अन् झाकण लावलं.

सायकलीवर मागं मिस्त्री, हँडलला डबे. चिखलीला पोचले तर दिवस मावळायला आला होता. मीरासाहेब मोटारीखाली शिरला. स्टोव्हची ज्योत बुचाभोवती फिरव म्हणाला, मग हातोडीनं हलकं हलकं ठोकलं, परत ज्योत, परत ठोकणं. ज्योतीरामाला बसवेना. दर दोन मिनिटांनी तो विचारायचा, "फिरंल का?" उद्धवराव शेतातनं आला अन् त्याच्या हातनं स्टोव्ह घेऊन बसला.

बऱ्याच वेळानं बूच कर्रकन फिरलं. मिस्त्रीनं आत बोट घालून एकेक दात चाचपला. "झिजल्यात. तुटलं न्हाईत. हळू चालवलीस तर नेतील." रॉकेलनं आतला भुसा धुवून काढला, निथळू दिलं, खालचं बूच आवळलं, अन् वासाचं तेल वरच्या भोकातनं बाहेर ओघळंस्तवर भरलं. गेरबॉकाचंही जुनं काढून बिनवासाचं घातलं. मग म्हणाला, "चालव."

मोटार गावाबाहेर जाऊन आली. आवाज होता, पण जात्याच्या घरघरीएवढाच.

"आता उद्या तुमी बी चला, चाचा," ज्योतीराम म्हणाला. "चाचींनी सांगितलंय."

म्हाताऱ्यानं हात पुसले. "सहा जणं हायेत. जागा कुठं?"

"माजी हाय," उद्धवराव म्हणाला. "मी काय, कांदं लावायला हाय हितंच."

रातीला मीरासाहेब चिखलीतच राहिला अन् सकाळी मोटार निघाली. सहा म्हाताऱ्यांतला चिमाजीबुवा दर वळणाला देवाचं नाव घेई, सोजराबाई आक्काबाईचा हात सोडीना. ज्योतीरामाचा पाय सारखा पुढं दाबायला बघे अन् शेजारनं मीरासाहेब त्याच्या गुडघ्यावर हात ठेवी. मोशीचा पूल, चाकण, मग खेड. वाटेत एकदाही थांबावं लागलं नाही.

डॉक्टरनं आक्काबाईचा डोळा बघून तिला लगेच आत घेतलं. आणखी पाचांनाही. आठ दिवस पट्टी बांधून तिथंच पडायचं होतं. सोबत आलेली ज्योतीरामाची बायको यशोदा त्यांच्याजवळ राहिली. मीरासाहेबाच्या डोळ्यात मात्र डॉक्टरनं दोनदा बत्ती टाकली, बुबुळ बोटानं दाबून पाहिलं.

"हा मोतीबिंदू नाही, बाबा. काचबिंदू आहे. गेलेली नजर परत यायची नाही. आधी आला असतात तर पुष्कळ राखता आली असती. थेंब देतो. उरलाय तो उजेड टिकेल तेवढा टिकेल."

मीरासाहेबानं बाटली खिशात घातली. परतीच्या वाटेवर दोघंच. गेर टाकताना ज्योतीरामाचा हात चुकला अन् पेटीतले दात करकरले.

"सावकाश," मिस्त्री म्हणाला. अन् चाकण मागं पडल्यावर, "खैरुन्निसाला मी सांगन. तू बोलू नगंस."

चिंचवडला आले तर छपराखाली एक मालट्रक उभा. ड्रायव्हर त्रासून फेऱ्या मारत होता. "मिस्त्री, कुठं गेलावता? मुंबईला पोचायचंय सांजच्याला. गेरबॉक गळतोय."

मीरासाहेब उतरला. खैरुन्निसा दारात येऊन नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तो ट्रकच्या कडेकडेनं हात लावत पुढं गेला, गुडघे टेकून बसला अन् जमिनीवर चाचपायला लागला. पाना हातभरावर पडला होता. ज्योतीराम उचलून द्यायला पुढं झाला. मग तसाच थांबला.

"दिसत न्हाई का काय, मिस्त्री?" ड्रायव्हर म्हणाला.

दीड वर्षात हा सवाल आज पहिल्यांदाच आला होता. मीरासाहेबाचे हात थांबले. त्यानं ड्रायव्हरच्या आवाजाकडं तोंड वळवलं.

"न्हाई दिसत. डॉक्टर म्हणाला, दिसणार बी न्हाई. बोला, करू का दुसरा बघताय?"

खैरुन्निसानं चौकट धरली.

ड्रायव्हरनं सडकेकडं बघितलं, गळणाऱ्या तेलाकडं बघितलं, म्हाताऱ्याच्या काळ्या बोटांकडं बघितलं. मग तो खाली बसला, पाना उचलला अन् मुठीची बाजू पुढं करून त्याच्या हातात दिला.

"करा," तो म्हणाला. "पर बेगीन करा."

"बेगीन न्हाई हुनार," मीरासाहेब म्हणाला अन् ट्रकखाली सरकला.