आधी मागची भिंत

फिरते रंगारी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. अशाच एका टोळीने मला पूर्वी मस्त गंडवलं होतं. गोठा लालचुटूक करून गेले आणि आठवड्याभरात भिंतीला टेकणाऱ्या गाईंच्या पाठी लाल झाल्या. सगळा गाव पोट धरून हसला.

आणि आता मी दहा दिवस बहिणीकडे काय गेलो, लेकीने माझ्यामागे असलेच रंगारी ठरवले! पुतण्याने फोनवर तिखटमीठ लावून सांगितलं. शेताचा कारभार लेकीकडे द्यायचा की त्याच्याकडे, हे माझं अजून ठरत नव्हतं. मी लेकीला फोनवर ठणकावलं, फसलीस तर कारभार त्याचा. ती एवढंच म्हणाली, "या तुम्ही."

आलो तर गोठा, कोठार, अवजारांची शेड, सगळं दृष्ट लागण्यासारखं. पण दर्शनी भाग काय, कुणीही चांगला रंगवतो. चहासुद्धा न घेता मी तरातरा कोठाराच्या मागे गेलो. तिकडे घरचं कुत्रंही फिरकत नाही. ओल्या फडक्याने भिंत खसाखसा घासली. फडक्याला रंगाचा डाग नाही. पुन्हा घासली, तरी तेच. जुने पोपडे खरवडलेले, भेगा बुजवलेल्या, वर रंगाचे दोन हात.

म्हातारा मुख्य रंगारी शिडीवरून हसत होता. म्हणाला, बाईंनी आधी हीच भिंत करून घेतली. दोन दिवस वाळत ठेवली, स्वतः अशीच घासून बघितली, मगच पुढे ब्रश लावू दिला. आम्ही कुरकुरलो, तर वाळेपर्यंत गोठ्याची दारं खरवडायला बसवलं. उभ्या आयुष्यात असं गिऱ्हाईक भेटलं नाही.

माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं तुटायचीच बाकी होती. एवढी अक्कल मला त्या वेळी सुचली नव्हती, हेही खरंच.

तेवढ्यात शेजारी आला. त्यालाही गोठा रंगवून हवा होता, आणि रंगाऱ्यांशी मी बोलून घ्यावं असं त्याचं म्हणणं. पुतण्या बाजूलाच उभा होता.

"मला कशाला विचारता?" मी म्हणालो. "इथला कारभार ती बघते."

लेक शिडी धरून उभी होती. तिने शिडी पुतण्याच्या हातात दिली, हात पुसले आणि शेजाऱ्याला विचारलं, "काका, गोठा बघायला कधी येऊ?" माझ्याकडे तिने बघितलंच नाही. बरंच झालं, नाहीतर मी तिथेच रडलो असतो.