व्हाया नेब्रास्का

श्याम पोंक्षेला जहाजांचं वेड होतं आणि पाण्याची धास्ती. जयगडच्या खाडीत होडीत बसला की पलीकडचा काठ येईपर्यंत त्याचा चेहरा कोवळ्या कैरीसारखा हिरवा व्हायचा. नोकरी पाटबंधारे खात्यात, पण तिथेही पाणी काय ते फायलीत. मात्र कुठलं जहाज कुठल्या गोदीत बांधलं, त्याला धुराडी किती, ते कुठे बुडालं, हे त्याला विचारावं. जेवताना तो सुरू झाला की बायको, मालिनी, म्हणायची, "बुडालं ना एकदाचं? मग आता आमटी घ्या."

हे सगळं ज्ञान कार्डांवरचं. विलायतेत एके काळी चहाच्या पुड्यांतून पत्त्याएवढी कार्डं निघत. पुढे जहाजाचं रंगीत चित्र, पाठीमागे त्याची माहिती. पन्नास कार्डांचा एक संच. चहा पिणारे चहा पिऊन गेले, पण ती कार्डं जमवणारे, एकमेकांत बदलणारे, त्यासाठी जीव टाकणारे लोक जगभर उरले. रत्नागिरीत असे दोन होते. एक टिळक आळीतला श्याम आणि दुसरा राजिवड्याचा फारुक होडेकर.

दोघे शाळेपासूनचे मित्र. फारुक खरोखरच बोटीवर गेला आणि सेकंड इंजिनिअर होऊन निवृत्त झाला. आता मिरकरवाड्याजवळ त्याचं बोटींच्या इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. श्यामची निम्मी कार्डं त्यानेच बंदराबंदरातून आणून दिलेली. श्याम घरबसल्या दर्यावर्दी झाला तो फारुकच्या जिवावर.

मग २००१ साली फारुकच्या मुलीचं, झाराचं लग्न झालं आणि सगळं फिसकटलं.

फारुकच्या दिवाणखान्यात 'लेडी आयरिन' या जहाजाचं कार्ड फ्रेम करून लावलेलं होतं. त्याचा जीव की प्राण. लग्नाच्या दिवशी चिपळूणहून आलेले मुलाकडचे एक मामा फ्रेमसमोर उभे राहून कौतुकाने म्हणाले, "फार जुनं दिसतंय." शेजारी सरबत पीत उभ्या असलेल्या श्यामला गप्प बसवेना. "छे हो," तो म्हणाला, "लाल रंग बघा ना, किती भडक आहे. हे मागाहून छापलेलं. रीप्रिंट." श्यामचा आवाज मुळातच कचेरीत तीन टेबलांपलीकडे पोचणारा. दिवाणखान्यातल्या सगळ्या माना फ्रेमकडे वळल्या. दारात गुलाबपाणी घेऊन उभ्या असलेल्या फारुकने ऐकलं आणि तो आत निघून गेला.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मालिनीचं आंबोशीचं लोणचं राजिवड्याला जात होतं, फारुकच्या बायकोचा, साबेराभाभीचा शीरखुर्मा ईदला टिळक आळीत येत होता. भांडण पुरुषांचं होतं, ते पुरुषांनी सांभाळलं. बाजारात समोरासमोर आले तर एक जण टोमॅटो निवडायला वाकायचा आणि दुसरा आभाळ बघायचा.

पाच वर्षं गेली. श्यामच्या संचातल्या रिकाम्या जागा तशाच राहिल्या. मग पुण्याला कंपनीत लागलेली त्याची मुलगी वैदेही दिवाळीला आली आणि तिने बापाला मारुती मंदिराजवळच्या सायबर कॅफेत नेऊन बसवलं. पडद्यावर एक दुकान उघडलं. 'कॅप्टन बर्टचं कार्ड-बंदर', मुक्काम नेब्रास्का, अमेरिका. वर बर्टचा फोटो. पांढरी दाढी, डोक्यावर कप्तानाची टोपी.

"खरा कॅप्टन दिसतो," श्याम भारावून म्हणाला.

घरी येऊन त्याने नकाशा काढला. नेब्रास्काला समुद्रच नव्हता. चहूबाजूंनी शेकडो मैल जमीन. "म्हणजे माझ्यासारखाच," तो म्हणाला, आणि त्याचा बर्टवरचा विश्वास दुणावला.

त्याने एक कार्ड मागवलं. वैदेहीच्या क्रेडिट कार्डावर पैसे गेले. मग श्यामने कचेरीत, आळीत आणि न्हाव्याच्या दुकानात अमेरिकेहून पार्सल येत असल्याचं जाहीर केलं. पोस्टमन काशीराम सायकलवरून दिसला की तो फाटकाशी जाऊन उभा राहू लागला.

"अमेरिकेचं काय आलं?"

"तुमचं दूरध्वनीचं बिल आलंय."

अखेर एक दिवस पाकीट आलं. काशीराम ते उलटंसुलटं करत म्हणाला, "पोंक्षे, अमेरिकेचं टपाल म्हणता, पण शिक्का तर आपल्या रत्नागिरीचा दिसतोय."

"आपल्याकडे आल्यावर मारला असेल."

"आणि तिकिटंही आपलीच."

श्यामने पाकीट हिसकावून घेतलं. आत बर्टच्या नावाची चिठ्ठी होती, 'नेब्रास्काहून सप्रेम' असं छापलेली. कार्ड बरोबर होतं, अस्सल होतं. पण ते ज्या पुठ्ठ्यात बांधलं होतं तो दुबईच्या बिस्किटांच्या डब्याचा होता आणि त्याला वंगणाचा वास येत होता. आणि पत्त्यातल्या 'पोंक्षे'मधल्या 'क्ष'ला तीच लांबलचक शेपटी होती, जी काढल्याबद्दल फारुकला मराठीच्या तासाला छड्या बसताना श्यामने शेजारच्या बाकावरून पाहिलं होतं.

त्याने वैदेहीला फोन लावला. ती सगळं ऐकून हसायलाच लागली.

"बाबा, त्या बर्टकडे माल नसतोच. तो नुसतं दुकान मांडून बसतो. ऑर्डर आली की ज्याच्याकडे माल असेल त्याला कळवतो, आणि तो माणूस परस्पर तुम्हाला पाठवतो. ड्रॉप शिपिंग म्हणतात त्याला."

"म्हणजे दलाल!"

"दलालच."

"अगं, वाशीचा दलाल निदान आंब्याची पेटी उघडून बघतो तरी! हा शिंचा काहीच बघत नाही?"

एकूण प्रकार असा होता. फारुकचा मुलगा तहा दुबईत होता. त्याने बापाचा वेळ जावा म्हणून त्याच्याकडची जास्तीची कार्डं बर्टच्या बंदरात लावून दिली होती. टिळक आळीतून निघालेली मागणी अर्धी पृथ्वी ओलांडून नेब्रास्काला गेली होती, आणि तिथून मागे फिरून राजिवड्यात उतरली होती.

"मग आता सरळ त्यांच्या दुकानात जा आणि मागा," मालिनी म्हणाली. "रिक्षाने दहा मिनिटं लागत नाहीत."

"मी? त्याच्या दारात? अशक्य!" असं म्हणून श्याम सायबर कॅफेत गेला आणि त्याने बर्टकडे आणखी एक कार्ड मागवलं.

तेही आलं. मग तिसरं. फारुकला पत्ता दिसत होता, श्यामला अक्षर दिसत होतं, आणि दोघेही अमेरिकेशी व्यवहार करत असल्यासारखे गंभीर होते. बाजारात टोमॅटो आणि आभाळ चालूच होतं.

हे असंच सुरळीत चाललं असतं, पण श्यामला तक्रार केल्याशिवाय राहवलं नाही. त्याने बर्टला आपल्या सरकारी इंग्रजीत कळवलं, की उपरोक्त पाकिटास वंगणाचा उग्र दर्प येत असून याची योग्य ती दखल घेण्यात यावी. बर्ट बिचारा सज्जन. त्याने ते फारुककडे पाठवलं आणि फारुकचं उत्तर जसंच्या तसं श्यामकडे पाठवलं: 'माल पुरवणाऱ्याचं म्हणणं असं, की गिऱ्हाइकाला समुद्राचा वास सोसत नसेल तर त्याने जहाजांऐवजी बैलगाड्यांची कार्डं जमवावीत.'

श्याम सायबर कॅफेत इतका मोठ्याने 'अस्सं!' म्हणाला, की शेजारी दहावीचा निकाल बघणारी मुलगी दचकली.

पुढचं पाकीट आलं ते अत्तराने भिजलेलं. काशीरामची सगळी पिशवी घमघमत होती. "वीज मंडळाच्या बिलांनाही लागलाय हो वास," तो म्हणाला. श्यामने लगेच बर्टला कळवलं, की माल पुरवणारा लहानपणापासून असाच अतिरेकी स्वभावाचा आहे. त्यावर उत्तर आलं, की गिऱ्हाईकही लहानपणापासून असंच किरकिरं आहे, पण चित्रकलेत बरं होतं. बर्टने खाली स्वतःची एक ओळ जोडली होती: 'तुम्ही दोघे एकमेकांना ओळखता काय?'

श्यामने त्याला उत्तर दिलं नाही. पण 'चित्रकलेत बरं होतं' हे वाक्य त्याने घरी येऊन मालिनीला दोनदा सांगितलं.

मग एके दिवशी बर्टच्या बंदरात नवीन माल लागला. 'लेडी आयरिन. दुर्मीळ. अस्सल.'

श्याम पडद्याकडे बघतच राहिला. भिंतीवरची फ्रेम उतरवून फारुक हे कार्ड विकायला काढतो? दुसऱ्या कुणी नेलं तर? त्याने घाईघाईने मागणी नोंदवली.

पाकीट आलं. या वेळी ना वंगण, ना अत्तर. स्वच्छ पांढरा कागद. श्यामने हात धुऊन, पुसून कार्ड बाहेर काढलं, पालथं केलं आणि भिंग लावलं. अस्सल संचाची पाठ तपकिरी शाईत छापलेली असे. याची काळी कुळकुळीत होती. रीप्रिंट! लग्नात तो म्हणाला होता ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

पाच वर्षं तो या क्षणाची वाट बघत होता. आता खुर्चीवरून उठून नाचायला हरकत नव्हती. पण त्याला उठावंसं वाटेना. डोळ्यांसमोर दारात गुलाबपाणी घेऊन उभा असलेला फारुक येत होता. बिचाऱ्याला अजून माहीत नाही, त्याच्या मनात आलं. अस्सल समजून विकलंन, तेही माझ्यावर रागावून. आता सांगून मिळणार काय?

दुपारी त्याने बर्टला लिहिलं: 'कार्ड मिळाले. ते पूर्णतः अस्सल आहे. मी पूर्वी केलेले विधान चुकीचे होते, असे माल पुरवणाऱ्यास कृपया कळवावे.' आयुष्यात त्याने स्वतःहून केलेली ही पहिलीच खोटी नोंद. त्याला फार हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी स्कूटर करकचून थांबली आणि फारुक तरातरा आत आला. वयाने सुटलेलं पोट, पण चाल अजून डेकवरची.

"श्याम्या! बाहेर ये!"

श्याम बाहेर आला. पाच वर्षांत ऐकलेली ही पहिली हाक.

"तुझे डोळे गेले काय?" फारुक ओरडला. "ते कार्ड अस्सल? पाठ बघितलीस त्याची? काळी शाई दिसली नाही तुला?"

"तुला... तुला माहीत आहे?"

"मला? लग्नाचा मांडव उतरला आणि मी फ्रेम उघडली! पाच वर्षं माहीत आहे मला! तहाने लिहिताना रीप्रिंटच लिहिलं होतं, त्या बर्ट्याने कुठून 'अस्सल' लावलंन देव जाणे. म्हटलं, असू दे. श्याम्या बघेल, ओळखेल, नाचत माझ्या दुकानात येईल, 'मी म्हटलं होतं' म्हणेल, आणि एकदाचं संपेल. आणि तू लिहितोस अस्सल? माझी कीव करतोस काय?"

"कीव नाही रे. मला वाटलं, तुला वाईट वाटेल."

"हे तेव्हा वाटायला हवं होतं!"

मालिनी दारात येऊन उभी राहिली.

"माहीत होतं तर मग पाच वर्षं बोलला का नाहीस?" श्यामने हळूच विचारलं.

फारुक पायरीवर बसला. आवाज खाली आला. "तू बरोबर होतास, म्हणून तर. चुकला असतास तर दुसऱ्याच दिवशी येऊन शिव्या घातल्या असत्या. बरोबर बोलणाऱ्याला काय बोलायचं? माझ्या पोरीच्या लग्नात, तिच्या सासरच्यांसमोर... जरा कानात सांगितलं असतंस तर?"

श्याम त्याच्या शेजारी जाऊन बसला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "कार्डाचं नव्हे. बोलण्याचं."

"हां. हे बर्टला कळवायची गरज नाही."

मालिनी आत गेली. थोड्या वेळाने दोन कप चहा आणि फणसाचे तळलेले गरे घेऊन आली. तोवर दोघे कुठल्याशा तीन धुराड्यांच्या जहाजाबद्दल वाद घालत होते, आणि आवाज आळीच्या टोकापर्यंत जात होता. पलीकडच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं. फारुकने गरे संपवले, साबेरासाठी थोडे पुडीत बांधून घेतले आणि निघता निघता म्हणाला, "तुझ्या संचात आता किती जागा रिकाम्या राहिल्या?"

"दोनच."

"दोन्ही आहेत माझ्याकडे. संध्याकाळी दुकानावर ये."

श्याम संध्याकाळी गेला. चालतच गेला. बर्टचं पत्र महिन्याभराने आलं: रत्नागिरीतलं गिऱ्हाईक आणि रत्नागिरीतला पुरवठादार एकाच वेळी का थंडावले, सेवेत काही उणीव राहिली काय? दोघांनी सायबर कॅफेत एका खुर्चीत अर्धे अर्धे बसून त्याला उत्तर लिहिलं. आभार मानले, आणि कधी समुद्र बघावासा वाटला तर रत्नागिरीला या, असं आग्रहाचं आमंत्रण दिलं.