राखेची रेघ

टण्! डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि दुपारच्या गप्प घरात गरगरत राहिलं. तान्हा मात्र हलला नाही. मी झाकण उचलायला वाकले ती तशीच थिजले. बाळाच्या अंथरुणाभोवती सासूबाईंनी सकाळी रेघबाबाच्या पुडीतल्या राखेची रेघ ओढली होती. तिच्यावर नागमोडी वळ होता, आत आलेला. दुसरा पलीकडून बाहेर गेलेला, मोरीकडे.

बाळाला उचलून अंगभर चाचपलं, कुठे दंश नव्हता; छातीशी धरलं. "अहो आई, हे बघा!"

"माझाच हात हलला असेल," सासूबाई म्हणाल्या. पण आवाजही हलला होता. "चल, रेघबाबांनाच विचारू."

डोंगराला वणवा लागल्यापासून साप खाली येत होते. बुटांत, मोरीत, दुचाकीच्या डिकीत. त्यांच्या मागोमाग हा रेघबाबाही उतरला होता. थोरलीचा हात धरून आम्ही पोचलो, तर चौकात पाय ठेवायला जागा नव्हती.

"डोंगर कोपलाय!" बाबा गरजत होता. "पण माझ्या मंत्राची रेघ साप ओलांडणार नाही! जाळी नको, दवाखाना नको, फक्त विश्वास हवा!" विश्वास शेजारीच पुड्या बांधून मिळत होता.

त्यानं पोत्यातून साप सोडला, डब्यातल्या राखेची रेघ ओढली. साप रेघेपाशी आला, दचकला, गर्रकन मागे फिरला. टाळ्याच टाळ्या!

"बघितलंस?" सासूबाईंनी हात जोडले.

मी डबा बघत होते. बाबानं तो फडक्यानं धरला होता, आपण गॅसवरून पातेलं उतरवतो तसा. थंड राखेला फडकं कशाला?

बाळ कडेवर घेऊनच पुढे घुसले.

"ए बाई, रेघ बाटवू नकोस!"

थोरलीची पाण्याची बाटली मी रेघेवर उपडी केली. चर्रर्र! वाफ उसळली, राख वाहून गेली आणि कडेला न विझलेला निखाऱ्यांचा चुरा लाल डोळे उघडून बघू लागला.

"अगं बाई, मंत्र कसला, ही तर शेगडी!" भाजीवाली ओरडली. चौक हसला. बाबा पुड्या गोळा करू लागला.

सासूबाई हसल्या नाहीत. बाळाचे तळपाय चाचपत राहिल्या. "आपली राख तर थंड होती गं. तिच्या भरवशावर निजवलं मी याला."

"सापाला मंत्र कळत नाही आई, चटका कळतो. मोरीला जाळी लावू, बाळाला खाटेवर निजवू. चावलाच, तर थेट दवाखाना."

तुम्हालाही एवढंच सांगणं. भीती वाटली तर वाटू दे, पण डोकं कुणाकडे गहाण ठेवू नका. चमत्कार दिसला की आधी हात लावून बघा. जपून.

सर्पमित्राला फोन केला. तो येईपर्यंत बाबाचा साप चौकातल्या दुकानाच्या पायरीखाली अंग चोरून पडला होता. थोरली लांबूनच उकिडवी बसून बघत होती.

"आई, हा आगीतून पळून आला आणि बाबानं त्याला परत विस्तवच दाखवला?"

"हो गं."

तिनं मान वर करून काळ्याठिक्कर डोंगराकडे बघितलं.

"मग काका त्याला आता सोडणार कुठे?"