आळशी डोळा

"हा खेळाचा कॉम्प्युटर झाला मॅडम," भीमरत्न म्हणाला. "दवाखान्यात असतो त्यातला नव्हं. तुमाला नक्की ह्योच पायजे?"

"खेळाचाच हवाय," डॉ. विनोदिनी म्हणाल्या. "माझ्या पेशंटना खेळायचंच तर आहे."

बेळगावात टिळकवाडीला त्यांचा डोळ्यांचा दवाखाना होता; बोलणं तिथंच चाललं होतं. भीमरत्नचं कॉम्प्युटरचं दुकान निपाणीत, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत. शाळांचे, पतसंस्थांचे, वकिलांचे कॉम्प्युटर त्यानं आजवर जोडून दिले होते. डोक्याला मोठा चष्मा चढवून आतल्या आभासी जगात हिंडायचं, तसल्या खेळाचं मशीन मात्र त्याच्या हातून पहिल्यांदाच घडणार होतं.

बाईंनी त्याला समजावून सांगितलं. काही मुलांचा एक डोळा आळशी असतो. वरून बघाल तर काहीच कळत नाही. पण मेंदू त्या डोळ्याचं ऐकत नाही, एकट्या दुसऱ्यावर भागवतो. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली तर मुलं ती काढून फेकतात. या खेळात दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं चित्र दिसतं, चांगल्याला अंधूक आणि आळशाला ठळक. दोघांनी मिळून काम केल्याशिवाय जिंकताच येत नाही.

भीमरत्ननं मान हलवली. तो बाईंकडे उजव्या डोळ्यानं बघत होता. त्याचा डावा डोळा असाच होता. हे फक्त त्याच्या बायकोला, उपासनाला ठाऊक होतं.

"आन मोठ्या मान्सांचं?" असं विचारावंसं त्याला वाटलं, पण त्यानं ग्राफिक्स कार्डाचा विषय काढला.

"सगळ्यात जास्त जोर तिथं लावू या. सेकंदाला नव्वद चित्रं आली पायजेत, मधी अडखळाय नको. अडखळलं की पोरांस्नी मळमळतंय. रॅम मध्यम चालंल. पंखे मोठे घेऊ, म्हंजे हळू फिरत्यात, आवाज करत न्हाईत. आन ते काचंचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट नको. नुसती शो."

"दिवे राहू देत," बाई म्हणाल्या. "डोळे तपासायला आलेल्या पोराला इथं एक तरी गमतीची वस्तू दिसू दे."

भीमरत्नला ते पटलं. आपल्या हे ध्यानात कसं आलं नाही, असंही वाटलं.

निघताना बाईंनी दोन खोकी त्याच्या हाती दिली. दोन वेगवेगळे चष्मे कंपन्यांकडून बघायला आले होते. "दोन्ही लावून बघा. कुठल्यात चित्र नीट एक होतं, वस्तू खरंच जवळ आल्यासारखी वाटते, ते सांगा. तोच ठेवू."

"व्हय," भीमरत्न म्हणाला आणि खोकी काखेत मारून खाली उतरला.

निपाणीच्या बसमध्ये खोकी मांडीवर घेऊन तो खिडकीशी बसला. संकेश्वर मागे पडलं तरी त्याला काही सुचेना. बाईंना हवं होतं ते एका डोळ्यानं कळणारच नव्हतं. इंटरनेटवर वाचून कुठलाही एक सांगता आला असता. बाईंनी विश्वास ठेवला असता. पण चष्मा लागणार होता त्या पोरांच्या डोक्याला.

रविवारी दुकान बंद होतं. नवं मशीन टेबलावर जोडून तयार होतं; चष्म्यात दिसेल तेच समोरच्या पडद्यावरही उमटत होतं. उपासना माहेरी गेली होती. त्याची आई, तानीबाई, उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. तिचा सगळा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला होता. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं झाल्यापासून तिला लांबच्या बसची पाटी वाचता येई, याचा तिला भारी अभिमान होता.

"आई, जरा हिकडं ये. ह्यो चष्मा लावून बघ."

"मला काय करायचाय?"

"बघ तर. आत समुद्र हाय."

त्यानं तिला खुर्चीत बसवलं, पदर सारून पट्टा आवळला. मग तिनं मान वळवली, वर पाहिलं, आणि एकदम दोन्ही हात पुढं केले.

"अगं बया. मासा हाय रं. नाकाला लागतोय की."

ती हातानं पाणी सारत होती. एकदा तर डोकं इतकं मागं घेतलं की खुर्ची कलली आणि भीमरत्ननं ती धरली. तानीबाई लहान पोरीसारखी हसत होती. आईला असं हसताना त्यानं फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग त्यानं दुसरा चष्मा लावला.

"ह्ये न्हाय बरं," ती लगेच म्हणाली. "दोन-दोन मासं दिसत्यात. डोस्कं गरगराय लागलं. काढ."

भीमरत्नला कारण उमगलं. या चष्म्याची भिंगं सरकत नव्हती, आणि आईचा चेहरा होता मुठीएवढा, डोळे जवळजवळ. पोरांचे चेहरे तेवढेच असणार. पहिल्याची भिंगं मात्र हवी तेवढी जवळ आणता येत होती. त्याचं काम झालं होतं. त्यानं पहिला चष्मा पुसून टेबलावर ठेवला.

"आता तू घाल," तानीबाई म्हणाली. "बघू तुज्याकडं येतोय का."

"मी बघितलाय."

"माज्यासमोर घाल की रं."

त्यानं घातला. निळं पाणी पसरलं, मासा आला, मोठा झाला, निघून गेला. टीव्हीवर दिसावा तसा. त्यानं चष्मा काढला तेव्हा आई त्याच्याकडे बघत होती.

"मासा आला न्हाय?"

"आला की."

"मग तू हाललास न्हाय ते? मला समूर टीव्हीत दिसत हुता. एवढा अंगावर आला आन तू दगडावानी बसलास."

भीमरत्ननं उगाच वायर गुंडाळली. काहीतरी थाप मारता आली असती. आजवर मारल्याच होत्या.

"मला तसं दिसत न्हाय, आई. डावा डोळा लहानपनापासनंच कामाचा न्हाय. रेल्वेच्या भरतीला गेलतो न्हवं, तितं डॉक्टरनं एक डोळा झाकला तवा मलाबी कळलं."

"जागा भरल्या म्हनालतास तू."

"व्हय. तसं म्हनालतो."

तानीबाई उंबऱ्यात परत जाऊन बसली. तिनं एक शेंग उचलली, पण फोडली नाही. भीमरत्नला वाटलं, ती आता रडेल. पण ती दुसरंच बोलली.

"तू पानी वतायचास ते गिलासाच्या भाईर सांडायचास. रोज. आन मी रोज तुला मारायची. लक्ष कुटं हाय म्हनून."

"जाऊ दे की ते."

"वखारीत माज्यासारखी तंबाखू कुनी निवडत न्हवतं. एक काडी नजरंतनं सुटली न्हाय माज्या. आन पोराचा डोळा दिसला न्हाय."

त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण तो उठून आत गेला आणि दोघांसाठी चहा टाकला. चहा घेताना ती एवढंच म्हणाली, "त्या डाक्टरीनबाईला तुजं बी इचार. लाजू नगंस."

मशीन पोचवायला तो बेळगावला गेला तेव्हा त्यानं बाईंना सरळ सांगितलं, "चष्मा माझ्या आईनं निवडलाय. मला त्यातलं कळत न्हाई." का कळत नाही, तेही सांगितलं, आणि मोठ्या माणसाचा असा डोळा सुधारतो का, ते विचारलं.

बाईंनी त्याला खुर्चीत बसवून उजवा डोळा झाकला. समोरच्या पाटीवरचं सगळ्यात मोठं अक्षर तेवढं त्याला धुक्यातल्यासारखं दिसलं. बाईंनी बराच वेळ तपासलं.

"खोटी आशा दाखवत नाही," त्या म्हणाल्या. "या वयात झाला तर थोडा फरक पडेल, तोही कदाचित. तुम्ही सात-आठ वर्षांचे असता तर गोष्ट वेगळी होती."

"माझा तसाच अंदाज हुता. आईनं इचारायला सांगितलं म्हणून इचारलं."

"आईला आता काय सांगू, असं तुम्हाला वाटत असेल तर त्यांना घेऊन या. मी बोलेन."

"बघतो," भीमरत्न म्हणाला आणि मशीन लावायला वळला.

पहिली पेशंट संकेश्वरजवळच्या एका वाडीतली होती. स्वराली नाव, दुसरीत शिकणारी. बरोबर तिची आई, उन्हात राबून रापलेली, हातात पिशवी घट्ट धरून भिंतीशी उभी. काचेतून चमकणारे निळे-जांभळे दिवे पोरीनं बोटानं मोजून पाहिले, मग खुशीनं डोक्याला चष्मा लावून घेतला. खेळ सुरू झाला. ती समोरचे फुगे पकडायला धडपडू लागली.

"शाळंतल्या बाई म्हनाल्या म्हनून आलो," तिची आई हळूच भीमरत्नशी बोलली. तो दवाखान्यातलाच कुणी असेल असं तिला वाटलं असावं. "फळ्याचं दिसत न्हाय म्हनायची, आमी म्हनायचो अभ्यासाचा कंटाळा. रोज उठून ऊस तोडाय जायचं, पोरीकडं बघाय झालंच न्हाय. आई असून कळलं न्हाय बघा, अण्णा."

भीमरत्ननं तिच्याकडे पाहिलं.

"कुनालाच कळत न्हाय, आक्का," तो म्हणाला. "वरनं दिसतच न्हाय ते. तुमचा काय दोष न्हाय त्यात. तुमी येळंत आनलंय तिला."

तिनं पदरानं तोंड पुसलं. आपण बोललो ते भीमरत्नच्या स्वतःच्याच कानात घुमत राहिलं. हेच त्याला त्या रविवारी बोलायचं होतं.

तेवढ्यात स्वराली फुग्यामागं गर्रकन वळली. चष्म्याची वायर तिच्या पायात आली. भीमरत्न झटकन पुढं झाला, वायर सोडवली आणि हातात उंच धरली. पोरगी वळेल तिकडे, तिला धक्का लागणार नाही असा, तो पावलं टाकत मागून फिरू लागला. तिला तो दिसत नव्हता. ती पुढं हात करत होती, आणि हवेतलं काहीतरी, जे खोलीत एकट्या तिलाच दिसत होतं, हळूहळू तिच्या ओंजळीत येत होतं.