प्रतापरावांच्या खुर्चीची एल

प्रताप स्टोअरकीपरने माझी वीस लिटर एल कुवेतच्या फरवानिया भागातल्या आमच्या बाथरूममध्ये ओतली तो शुक्रवार सत्त्याण्णव सालचा. एल म्हणजे बिअरच, पण काळपट, जड, आणि ओकच्या लाकडात मुरवलेली. बिअर म्हटलं की प्रतापला राग यायचा. तो पूर्वी बोटीवर स्टुअर्ड होता आणि असल्या एली त्याने इंग्लंडच्या बंदरात चाखल्या होत्या, असं तो सांगायचा. आमच्यातल्या कोणी इंग्लंड पाहिलं नव्हतं, म्हणून परीक्षक तोच.

कुवेतमध्ये दारूला बंदी. त्यामुळे आमचा सगळा कारभार बंद दाराआड चाले. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, बिनदारूचं माल्टचं पेय आणायचं आणि पुढचं साखर-यीस्टने करायचं. पिंपं मी केली होती. दस्मानच्या एका बंगल्याचे ओकचे दरवाजे आमच्या वर्कशॉपमध्ये बनत, त्याचे तुकडे उरत. कुडाळच्या सुताराला पिंप कोण शिकवणार? पहिली तीन गळली, चौथं धरलं. पाच जणांनी पाच पिंपं भरली आणि वर्षातून एकदा, शुक्रवारी दुपारी, जगन्नाथ फिटरच्या खोलीत बारा पिणारे जमून नंबर लावायचे. त्या वर्षी एक थेंब तिथल्या लादीवर सांडला होता. ती लादी पुढे कित्येक महिने पाय ठेवला की डुलत असे. खोटं वाटत असेल तर जगन्नाथला विचारा, तो मालवणातच असतो.

तर प्रतापने माझा ग्लास नाकाशी नेला, एक घोट घेतला, बादलीत थुंकला आणि म्हणाला, "व्हिनेगर. तुळशीदास, सुताराने पाट-पलंग करावेत. जीभ घराण्यात असावी लागते." मग उठून त्याने स्वतः पिंप बाथरूमपर्यंत ढकललं. सहा महिन्यांची मेहनत जाळीतून गुडगुड करत गेली आणि मी दारात उभा राहून पाहिली.

ती व्हिनेगर नव्हती. नंतर कळलं की ओतण्याआधी त्याने दोन बाटल्या बाजूला काढल्या होत्या आणि पुढच्या आठवड्यात शर्कच्या हॉटेलातल्या आपल्या दोस्तांना 'मी केली' म्हणून पाजल्या होत्या. पण नाव पडलं ते पडलं. वर्कशॉपमध्ये मला सगळे व्हिनेगर म्हणू लागले. बंगाली हेल्परसुद्धा 'व्हिनेगर भाई, रंधा दो' म्हणायचा. बायकोने, रत्नमालाने, कुडाळहून पत्रात विचारलं की तुम्ही तिकडे लोणच्याचा धंदा काढलात का.

मी ठरवलं की ज्या तोंडाने त्याने माझी एल थुंकली, त्याच तोंडाने, त्याच बारा जणांसमोर ती चांगली म्हणवून घ्यायची. आणि म्हटल्यानंतर ते तोंड त्याला धुवावंसं वाटलं पाहिजे.

पाच महिने मला काही सुचलं नाही. मग प्रतापनेच मला बोलावलं. त्याची खुर्ची करकरत होती.

ती खुर्ची साऱ्या कंपनीला माहीत होती. इराकच्या लढाईच्या आधीचा कोणी गोरा इंजिनियर ती सोडून गेला होता. अस्सल ओक, बैठक दोन इंच जाड. एक्क्याण्णव सालापासून प्रताप तिच्यावर बसत होता. माणूस एकशे वीस किलोचा. स्टोअरच्या पत्र्याखाली जुलैत एवढी आग की खिळे हातात धरवत नसत, आणि हा सकाळी सातपासून त्या बैठकीवर घाम गाळत हुकूम सोडायचा. सात वर्षांत ओकला मधोमध खळगा पडला होता, परातीसारखा. खालच्या बाजूला त्याने पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घातला होता, 'स्टोअर ११'. स्टोअरमधल्या प्रत्येक वस्तूवर तो स्वतःच्या हाताने नंबर घालायचा. कुलपावर, झाडूवर, चहाच्या गाळणीवरही.

मी म्हटलं, "प्रतापराव, बैठक गेली. बदलावी लागेल."

"ओकच घाल," तो म्हणाला.

मी हलक्या लाकडाची फळी रंगवून बसवली. त्याला फरक कळला नाही. तिथेच माझी खात्री पटली की ह्या माणसाला ओक कळत नाही, ना खालून, ना वरून.

जुनी बैठक मी वर्तमानपत्रात गुंडाळून खोलीवर आणली. गोल कापली, कडा तासल्या, ओकला देतात तसा आतून गॅसवर शेक दिला आणि नव्या पिंपाचं झाकण केलं. खळगा आत, नंबर बाहेर. नंबरावर कागद चिकटवला. धुतली नाही. धुतली असती तर सूड कसला? मग पिंप आडवं करून ठेवलं, म्हणजे आतली एल त्या खळग्यात रोज येऊन बसेल, जसा प्रताप बसायचा तशी.

ह्या बारांखेरीज न पिणारा एकच, दापोलीचा जाफरभाई ड्रायव्हर. तो जुम्म्याची नमाज आटोपून आमच्याकडे बांगड्याचं कालवण जेवायला येई, आणि पीत नाही म्हणूनच कोणती एल कोणाची ह्याच्या चिठ्ठ्या अठ्ठ्याण्णवपासून त्याच्या खिशात असत. ग्लास तोच भरून आणी. आमचा नियम असा की सगळ्यांनी सगळ्या चाखायच्या, करणाऱ्यानेही आपली. न चाखणारा बाद.

हा नियम मीच दोन वर्षांपूर्वी घालून दिला होता. आणि अठ्ठ्याण्णवच्या त्या शुक्रवारी जाफरभाईने तीन नंबरचा ग्लास माझ्यापुढे ठेवला तेव्हा तो मला आठवला.

सहा महिने मी एकट्या प्रतापला पाजायचं म्हणून एल मुरवली होती. ती बाकीचे अकरा जणही पिणार, आणि त्या अकरांत मी एक, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रागात माणूस माप एकाचंच घेतो. पोट दुखतंय म्हणावं तर बाद. बाद झालो तर पिंप उघडायचं निमित्त गेलं. समोर प्रतापने ग्लास उचलला होता. मी डोळे मिटून प्यालो.

आता खरं सांगतो. मी जन्मात तशी चांगली एल प्यालो नाही.

प्रतापने पहिला घोट जिभेवर फिरवला. दुसरा घेतला. बादली पायाने बाजूला सारली.

"हा ओक आहे," तो म्हणाला. "जुना. माणसांत राहिलेला. खाली थोडं मीठ लागतंय, म्हणजे लाकूड समुद्रावरून आलेलं. आणि शेवटी एक ऊब आहे, ओळखीची. कुठेतरी घेतलीय मी ही." त्याने ग्लास पुन्हा पुढे केला. तिसऱ्यांदाही केला. मग म्हणाला, "पहिला नंबर. बाकीच्या ओतून द्या."

जाफरभाईने चिठ्ठी वाचली. माझं नाव.

प्रतापचा चेहरा जरा पडला, पण शब्द बाहेर गेला होता. मी शांतपणे विचारलं, "व्हिनेगर नाही ना, प्रतापराव?"

"नाही," तो म्हणाला. "कोण म्हणेल?"

"सगळ्यांना ऐकू येऊ दे."

"नाही म्हटलं ना. उत्तम आहे. पिंप कसलं वापरलंस?"

ह्या एका प्रश्नासाठी मी वर्षभर जगलो होतो. पिंप मधोमध आणलं, उभं केलं आणि झाकणावरचा कागद ओला करून सोलून काढला. 'स्टोअर ११'. मग झाकण उपसून उलटं केलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. खळगा वर.

त्याने नंबराच्या बाजूने बोट फिरवलं. स्वतःचंच अक्षर. मग खळग्यात हात ठेवला आणि तो लगेच काढला. एकशे वीस किलोचा माणूस माझ्यासमोर सत्तरवर आला, पँट ढिली पडताना मी ह्या डोळ्यांनी पाहिली. बाथरूमकडे तो असा धावला की वाटेत डुलणारी ती लादीही जागेवर घट्ट बसली.

मी हसायला तोंड उघडलं. पण दहा माणसं प्रतापकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

जगन्नाथ हळूच म्हणाला, "मेल्या, आमी पन तीच पियालंव ना?"

"मीही प्यालो," मी म्हटलं.

"तू जाणूनबुजून पियालंस. तुजी गोष्ट येगळी."

खोलीत हसत होता तो एकटा जाफरभाई. इतका हसला की त्याच्या घशात बांगड्याचा काटा अडकला, आणि त्याच्या पाठीत धपके घालताना निकाल लागला. दहा जणांनी एकमताने ठरवलं की पुढच्या वर्षीपासून परीक्षक तुळशीदास. प्रत्येक ग्लास आधी त्याने एकट्याने, पूर्ण, सगळ्यांसमोर प्यायचा. मग इतरांनी.

प्रताप त्या दिवसापासून स्टोअरमध्ये उभ्याने काम करू लागला. नव्या बैठकीवरही बसेना. मला कोणी व्हिनेगर म्हणेना. वर्षभर मी पोटभर जेवलो, गाढ झोपलो.

मग नव्व्याण्णवचा तो शुक्रवार आला. प्रताप आला. पहिल्यांदाच स्वतःचं पिंप घेऊन आला होता. छान नवी दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. माझ्या समोरच भिंतीला टेकून उभा राहिला आणि हसला.

ग्लास नंबर चार. चिठ्ठी जाफरभाईच्या खिशात होती, पण मला ती वाचायची गरज नव्हती.

"घे, तुळशीदास," प्रताप म्हणाला. "सावकाश."

मी प्यालो. पूर्ण. चव वाईट नव्हती. किंचित गोड, मागे कसलासा धूर, आणि त्याच्याही मागे काहीतरी, जे मला ओळखता येईना. मी त्याला पहिला नंबर दिला. दुसरा देऊन त्याला चिडवायची माझी छाती झाली नाही.

"आता विचार," तो म्हणाला. "कसलं पिंप वापरलं, विचार."

मी विचारलं नाही. दोन हजार चारमध्ये कुवेत सोडून कुडाळला आलो, तोवर विचारलं नाही. तो साताऱ्याला परत गेला. दर दिवाळीला त्याचं कार्ड येतं. वर शुभेच्छा छापलेल्या, खाली पांढऱ्या ऑइलपेंटने, त्याच जाड अक्षरात एकच ओळ असते: 'अजून विचारलं नाहीस.'